पेशंट सासू, अटेंडंट सून

"यांच्यात पेशंट कोण?" डॉक्टर सिस्टरनी विचारलं.

सकाळचा राउंड चालू होता. फिमेल वॉर्ड, बेड नंबर सात. बेडवर वच्छलाबाई उशीला टेकून, पाय लांब करून बसल्या होत्या. आणि त्यांची सून प्रणाली, नववा महिना लागलेली, एक हात कमरेवर ठेवून कॅन्टीनमधून सासूसाठी चहा घेऊन येत होती. पोट एवढं पुढे आलेलं की चालताना तिला स्वतःची पावलं दिसत नव्हती.

"वच्छलाबाई पेशंट," मी म्हणाले. "बीपीच्या. प्रणाली त्यांची अटेंडंट."

डॉक्टर सिस्टरनी फाइल पाहिली. मग प्रणालीचं पोट पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"सुनीता, राउंड संपला की ऑफिसमध्ये ये."

आपण पकडले गेलो, हे मला तिथेच कळलं.

आमचा दवाखाना मिशनचा. नागपूरहून कोराडीच्या पुढे बसने तासभर. बसच्या खिडकीला कोराडीच्या विजेच्या प्लांटची राख लागून येते, त्यावरून कोण शहरातून आलं ते आमचा वॉचमन ओळखतो. दवाखान्याच्या मुख्य डॉक्टर या स्वतः सिस्टर, म्हणजे जोगीण. म्हणून सगळे त्यांना डॉक्टर सिस्टर म्हणतात. मूळच्या केरळच्या. मराठी पुस्तकातून शिकल्या, त्यामुळे आमच्या सगळ्यांपेक्षा शुद्ध बोलतात.

मी तिथे गरोदर बायांचं आणि लहान मुलांचं काम पाहते. गावोगाव फिरायचं, तपासायचं, ज्यांची केस अवघड आहे त्यांना वेळेवर दवाखान्यात आणायचं. मी बी.एस्सी. नर्सिंग आहे. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली पहिली मीच, आणि हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते. वडील नागपूरच्या लकडगंजात लाकडाच्या टालावर हमाली करत. त्यांनी माझ्या डिग्रीची झेरॉक्स लॅमिनेट करून टालावर मालकाच्या फोटोशेजारी लावली होती. मालकाने ती काढली नाही. मालक बारावी नापास होता.

तर प्रणाली. तिचं नाव माझ्या हाय रिस्कच्या यादीत सगळ्यात वर होतं. हाय रिस्क म्हणजे जिच्या बाळंतपणात काही बिघडायची शक्यता इतरांपेक्षा जास्त. तिचा पहिला मुलगा अजून वीस महिन्यांचाही नव्हता, आणि तो सिझरने झाला होता. सिझरमध्ये गर्भाशय कापून पुन्हा शिवतात. कापसाचा बोरा फाटला, सुतळीने शिवला, आणि शिवण पक्की व्हायच्या आत पुन्हा ठासून कापूस भरला, तर तो कुठून उसवेल? त्याच शिवणीवरून. पोटात तसं झालं तर आई आणि बाळ दोघांच्याही हातात फार थोडी मिनिटं असतात. आणि प्रणालीचं सासर दवाखान्यापासून ऑटोने पाऊण तास.

अशा बायांसाठी आमच्या दवाखान्यामागे तीन खोल्या आहेत. वेटिंग होम म्हणतो आम्ही. शेवटचे काही आठवडे येऊन राहायचं, दवाखान्याचं जेवायचं, वेळ आली की चालत ऑपरेशन थिएटरला जायचं. साधी गोष्ट. पण ही साधी गोष्ट मी प्रणालीच्या घरी चार वेळा जाऊन सांगितली आणि चारही वेळा चहा पिऊन परत आले.

घरात शब्द चालायचा सासऱ्याचा. रामाजी काकाजी. अंगणात खाट, खाटेवर काकाजी, आणि बाजूला त्यांची म्हैस. नवरा मंगेश कोराडीच्या प्लांटवर कॉन्ट्रॅक्टवर. त्याला फोन केला की तो म्हणायचा, "बाबाले विचारा ना मॅडम."

पाचव्या वेळी मी गेले ती ठरवूनच गेले की आज चहा प्यायचा नाही.

"पयलं बाळंतपन माहेरात झालं," काकाजी म्हणाले. "दुसरं सासरी. आमच्या घरची रीत हाय हे."

"सासरीच करा ना. फक्त दवाखान्याजवळ आणून ठेवा."

"दवाखान्याले कोन नाई म्हनते? कळा आल्या का आनतो. बाजूच्याचा ऑटो हाय."

"कळा यायच्या आधी आणायचं आहे, काकाजी."

"कळा नाई, काई नाई, आन तिथं बसून काय कराचं? माशा माराच्या? लोक म्हनतीन, रामाजीच्या घरी सुनेले दोन टाइमचं भेटत नाई, म्हनून मिशनच्या दवाखान्यात जेवाले ठेवली."

मी चुलीकडे पाहिलं. वच्छलाबाई भाकरी थापत होत्या. म्हटलं, बाईमाणूस आहे, हिला तरी समजेल.

"काकू, तुम्ही सांगा ना यांना."

"मी काय सांगू?" त्या वर न बघता म्हणाल्या. "मी पाच जनली याच घरात. दवाखान्याचं तोंड नाई पायलं."

"आयकलं?" काकाजी खूश झाले.

झालं. सासूही त्याच पार्टीची. प्रणाली दाराआडून माझ्याकडे बघत होती. तिचं ते बघणं मला आवडलं नाही.

आता माझी एक सवय सांगते. घरी गेलं की मी सगळ्यांचाच बीपी मोजते. दंडाला पट्टा फुगतो त्याची लोकांना मजा वाटते, आणि तेवढ्या वेळात बोलणं चालू राहतं. त्या दिवशी पट्टा वच्छलाबाईंच्या दंडाला लावला. वरचा आकडा एकशे शहात्तर, खालचा एकशे चार. साधारण एकशे वीस आणि ऐंशी चांगला. दहा मिनिटांनी पुन्हा मोजला. तेवढाच.

तिथे माझ्यातली नर्स काळजीत पडली. आणि तिच्या मागून लकडगंजची पोरगी उठून उभी राहिली.

"काकाजी, काकूंना आजच ॲडमिट करावं लागेल."

"कायले?" काकाजी खाटेवरून अर्धे उठले. "तिले काय झालं?"

"बीपी. एवढ्या बीपीत लकवा मारू शकतो."

हे शंभर टक्के खरं होतं. लकवा शब्दाला विदर्भात फार मान आहे. काकाजी उरलेले अर्धे पण उठले. "माह्या भावाले मारला होता लकवा," ते म्हणाले. "नेतो. आत्ताच नेतो."

"पण फिमेल वॉर्ड आहे. पेशंटजवळ बाईच राहू शकते. तसा नियमच आहे."

हा नियम पण खरा.

"मंग कोन राहीन?"

मी आभाळाकडे पाहिलं. "घरात दुसरी बाई कोण आहे?"

घरात दुसरी बाई एकच होती.

"तिले त नववा लागला..."

"हो ना," मी फार हळहळले. "शेजारचं कोणी?"

"सारे कापूस वेचाले जाऊन राहिले."

"मग राहू द्या. प्रणालीच चालेल. तिला काय, बसूनच तर राहायचं आहे. दोन-चार दिवसांची गोष्ट."

अर्ध्या तासात दोघी तयार. प्रणालीचा मुलगा आधीपासूनच आजोळी होता. वच्छलाबाईंनी पिशवी इतकी झटपट भरली की मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती. नाही आली. मी स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन ऑटोत बसले होते.

डॉक्टर सिस्टर तीन दिवस नागपूरला ट्रेनिंगला गेल्या होत्या. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी बीपी पाहून वच्छलाबाईंना ॲडमिट केलं. फॉर्मवर पेशंटच्या रकान्यात सासू, अटेंडंटच्या रकान्यात सून. रोज दुपारी मी प्रणालीला हळूच लेबर रूममध्ये नेऊन बाळाचे ठोके ऐकायची, तिचा बीपी घ्यायची, आणि माझ्या डायरीत लिहायची. दूध-अंडी वच्छलाबाईंच्या नावाने यायची आणि प्रणालीच्या पोटात जायची. माझ्या मते सगळं छान चाललं होतं.

फक्त एक भानगड होती. वच्छलाबाईंचा बीपी उतरत नव्हता.

सोमवारी एकशे शहात्तर. मंगळवारी सत्तर. बुधवारी अठ्ठ्याहत्तर. गोळ्या चालू होत्या. मी स्वतः बसून त्यांचं काउन्सेलिंग केलं. वरून मीठ घ्यायचं नाही, पापड नाही, लोणचं तर अजिबात नाही, लोणच्याने बीपी चढतो. त्यांनी एवढं मन लावून ऐकलं की विचारू नका.

"किती खाल्लं का किती चढते?" त्यांनी विचारलं.

असा प्रश्न मला आजपर्यंत कोणी विचारला नव्हता. मला बरं वाटलं. म्हटलं, अडाणी आहे पण शिकायची आवड आहे.

आणि गुरुवारी डॉक्टर सिस्टर परत आल्या, राउंडला आल्या, आणि वर सांगितलं ते झालं.

ऑफिसमध्ये त्यांनी मला बसायला सांगितलं नाही.

"तू त्या कुटुंबाशी खोटे बोललीस?"

"नाही सिस्टर. बीपी खरा आहे, लकवा खरा आहे, नियम खरा आहे."

"मग?"

"अर्धंच बोलले."

"उरलेले अर्धे कुठे आहे?"

"माझ्या डायरीत."

त्यांनी डायरी मागितली. पानं उलटली. मग शांतपणे म्हणाल्या, "उद्या तू सुट्टीवर असलीस आणि या मुलीला त्रास सुरू झाला, तर हिचा रक्तगट या दवाखान्यात कोणाला ठाऊक आहे? अटेंडंटचा रक्तगट आपण लिहून ठेवत नाही."

मी तिला दवाखान्यात आणलं होतं, पण दवाखान्याच्या कागदावर ती नव्हतीच. सासूला चहा आणून देणारी कोणीतरी बाई, एवढीच तिची नोंद.

"आज तिची स्वतंत्र फाइल तयार होईल," डॉक्टर सिस्टर म्हणाल्या. "रक्त तपासा, एक बॅग राखून ठेवा. येत्या बुधवारी मी तिचे सिझर करीन. तिला आजच विचार, तिची संमती घे. आणि शनिवारपर्यंत तू घरच्यांना संपूर्ण सत्य सांगशील. संपूर्ण, सुनीता."

प्रणालीला विचारलं तर ती म्हणाली, "मॅडम, मले तुमी पयल्याच वेळी विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. पन मले कोनी विचारूनच नाई राहिलं." पाच वेळा त्या घरी गेले, पाचही वेळा आधी खाटेशीच बोलले होते.

तिची फाइल झाली. पण काकाजींना सत्य कसं सांगायचं ते सुचत नव्हतं. खरं ऐकून त्यांनी सुनेला उचलून नेलं असतं तर? शुक्रवारी दुपारी ते स्वतःच आले. दाढी वाढलेली, शर्टावर हळदीचा डाग.

"मॅडम, म्हस मले जवळ येऊ देत नाई. भात करपला. काल चिवडा खाऊन झोपलो." मग त्यांनी खरा मुद्दा काढला. "पेशंट राहू द्या तुमच्यापाशी. पंधरा दिस ठेवा, माहं काई म्हननं नाई. अटेंडंट घेऊन जातो मी."

माझ्या हुशारीला एवढं मोठं भोक असेल असं मला वाटलं नव्हतं. पेशंटला डॉक्टर डिस्चार्ज देतो. अटेंडंटला कोण देणार? ती तर कधीही चप्पल घालून घरी जाऊ शकते.

"पण पेशंटजवळ बाई लागते, काकाजी. नियम..."

"आठ नंबर बेडवालीची पोट्टी पाहीन दोघींले. विचारलं म्या. ते हो म्हनते." माणूस तयारीनिशी आला होता. "चाल वं प्रणाली, पिशवी उचल."

प्रणालीने पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तोंड उघडलं. सगळं सांगून टाकायचं, आत्ताच, हेच ठरवलं होतं. पण त्याच्या आत बेडवरून आवाज आला.

"अवं माय वं... सारा वॉर्ड फिरून राहिला..."

वच्छलाबाई उशीवर कोसळल्या होत्या. डोळे पांढरे. एका हाताने प्रणालीचं मनगट असं धरलेलं की सुटायचं नाव नाही. "पोरी, सोडू नको मले. तुह्या हातचंच पानी पेईन मी. दुसऱ्या कोनाच्या हातचं घशाखाली उतरत नाई."

मी धावत बीपी घेतला. एकशे ब्याऐंशी. खालचा एकशे सहा. नाटक असतं तर आकडा चढला नसता. काकाजींचा चेहरा उतरला.

"राहू दे, राहू दे," ते मागे सरकत म्हणाले. "उद्या सकाळी पाहतो. ऑटो घेऊनच येतो. उद्या काई बी करून सुनेले नेतो, म्हस आटून जाईन माही."

ते गेले. मी वच्छलाबाईंच्या तोंडावर वाकले. त्यांनी एक डोळा उघडला.

"गेले काय?"

मी सरळ उभी राहिले.

"काकू, उठा."

"चक्कर..."

"उठा म्हणते ना."

त्या उठल्या. मी उशी उचलली. उशीखाली आंब्याच्या लोणच्याची बाटली. अर्धी रिकामी. आणि वच्छलाबाईंच्या पदराच्या टोकाला एक गाठ होती, ती मी सोडायला सांगितली. गाठीत बीपीच्या गोळ्या. सोमवारपासूनच्या सगळ्या, एकही कमी नाही.

"गोळ्या जिभेखाली ठेवत होते," त्या म्हणाल्या. "फेकल्या नाई जी. औषध हाय ते, फेकाचं कायले?"

"आणि हे लोणचं?"

"तुमीच त सांगतलं. लोनच्यानं चढते."

माझ्या नोकरीत माझा सल्ला इतका तंतोतंत कोणी पाळला नव्हता.

"बाटली कोणी आणून दिली?"

"त्यायनंच." त्यांनी दाराकडे बोट केलं, जिकडून काकाजी गेले होते. "म्हटलं, तोंडाले चव नाई. परवा सांजेले आनून देल्ली बिचाऱ्यानं."

"काकू, तुम्हाला खरंच लकवा मारला असता! कशासाठी हे?"

त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या जसं मीच वेडी आहे.

"बीपी उतरला असता त तुमी मले घरी पाठवलं असतं. मंग हे पन गेली असती घरी." त्यांनी प्रणालीकडे हनुवटी केली. "हे बायतीन होईस्तोवर मले पडूनच राहाचं होतं ना इथं."

मग त्यांनी बेडखालची पिशवी ओढली आणि तळातून एक जुनी फाइल काढली. प्रणालीच्या पहिल्या सिझरची. दोन महिने मी ती मागत होते आणि घरच्यांकडून उत्तर यायचं, माहेरी राहिली.

"तुम्हाला सगळं माहीत होतं?"

"त्या दिवशी तुमी वर आभाळाकडे पायलं ना, तवाच समजलं. तुमाले खोटं बोलता येत नाई मॅडम. चेहऱ्यावर लिवून येते." त्या हसल्या. मग थांबल्या. "मी पाच जनली म्हनते ना. पन जगले चार. पयली पोरगी होती. तीन दिस झाले, तरी सुटका नाई. मी म्हनत होती, गाडी जुंपा, दवाखान्यात न्या. माही सासू म्हने, मी सात जनली घरी, तुले काय झालं? पोरगी आली थे निळी होऊनच आली."

प्रणाली सासूच्या पायाशी बसली.

"मंग त्या दिवशी यायच्यासमोर तुमी मले विचारलं, आन माह्याच तोंडून माह्या सासूचं बोलनं निघालं. त्यायच्यासमोर दुसरं निघतच नाई. म्हनून म्हटलं, तोंडानं नाई होत त बीपीनं करू."

मी लोणच्याची बाटली जप्त केली. गोळी समोर बसून गिळायला लावली, तोंड उघडून जीभ वर करून दाखवायला लावली. आणि सगळं जसंच्या तसं डॉक्टर सिस्टरना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. पण त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसल्या.

"उद्या त्यांच्या पतीला आपण दोघी मिळून सांगू," त्या म्हणाल्या.

सांगायची वेळ आली नाही.

शनिवारी सकाळी मी वॉर्डात पोचले तर प्रणाली बेडच्या कडेला ओठ दाबून बसली होती.

"कळा आहेत का?"

"नाई मॅडम. कळा नाई. पन टाक्यावर दुखून राहिलं. थांबूनच नाई राहिलं."

कळ येते आणि जाते. न थांबता, जुन्या टाक्यांवरच दुखणं वेगळं. मी तिथे हलकेच बोट टेकवलं आणि ती ओरडली. मी पळत डॉक्टर सिस्टरना आणलं. त्यांनी पोटावर हात ठेवला, बाळाचे ठोके ऐकले. ठोके मंद पडत होते.

"ओटी. आत्ता," त्या म्हणाल्या.

पुढचं सगळं भराभर झालं, कारण फाइल तयार होती. रक्तगट लिहिलेला. रक्ताची बॅग राखून ठेवलेली. पहिल्या सिझरमध्ये काय केलं होतं त्याचा कागद लावलेला. भूल देणारे डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनसाठी आलेलेच होते. प्रणालीने फॉर्मवर सही केली. बारावी झालेली पोरगी. दुखण्यात वाकली होती तरी पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट.

स्ट्रेचर व्हरांड्यात वळलं आणि समोर काकाजी. गेटवर ऑटो उभा.

"अरे! अटेंडंटले कुठं नेऊन राहिले?"

मी तोंड उघडायच्या आत स्ट्रेचरमागून वच्छलाबाई आल्या. अनवाणी, पदर खांद्यावरून घसरलेला.

"थे अटेंडंट नाई. पेशंट हाय थे. पयल्या दिवसापासून. बाजूले व्हा."

काकाजी बाजूला झाले. भिंतीला चिकटून उभे राहिले. स्ट्रेचर गेल्यावर मला म्हणाले, "माही सही कुठं लागते?"

"नाही लागत, काकाजी. तिने केली."

ते व्हरांड्यातल्या बाकावर बसले. वच्छलाबाई बसल्या नाहीत. ओटीच्या दाराला कान लावून उभ्या राहिल्या. मी आत होते, मला नंतर वॉचमनने सांगितलं, की बाळाचा आवाज आला तेव्हा काकाजींनीच आधी विचारलं, "हे रडून राहिलं ना वं?"

"रडून राहिलं," वच्छलाबाई म्हणाल्या आणि तिथेच जमिनीवर बसल्या.

मुलगी झाली. पावणेतीन किलो. रडली ती थांबेचना.

डॉक्टर सिस्टर हात धुवत होत्या. मला म्हणाल्या, "शिवण इतकी पातळ झाली होती, सुनीता, की कापण्याआधीच आतून बाळाचे केस दिसत होते."

"घरी असती तर?"

त्यांनी नळ बंद केला. "ऑटोमध्ये असती. अर्ध्या वाटेवर." आणि पुढच्या ऑपरेशनला गेल्या.

दुपारी बेडवरचे कागद बदलले. पेशंट प्रणाली, अटेंडंट वच्छलाबाई. वच्छलाबाईंचा बीपी गोळ्या खरोखर पोटात जायला लागल्यापासून उतरू लागला. आठवड्याने त्या नातीला मांडीवर घेऊन वॉर्डातल्या बाकीच्या बायांना सांगत होत्या, लोणचं अजिबात खाऊ नका, फार वाईट.

डिस्चार्जच्या दिवशी काकाजी आले. दाढी केलेली. मी आणि डॉक्टर सिस्टरनी त्यांना सगळं सांगितलं, संपूर्ण, ठरल्याप्रमाणे. ते बराच वेळ डोकं खाजवत राहिले.

"म्हंजे हिचा बीपी खरा होता. पन त्याच्यासाठी नाई आनलं. आन सुनेले काई झालं नव्हतं, पन तिच्यासाठी आनलं." त्यांनी बायकोकडे पाहिलं. "मंग पेशंट कोन होतं वं नेमकं?"

"तुमी," वच्छलाबाई म्हणाल्या. "आमी दोघी तुमच्या अटेंडंट होतो."

आठ नंबर बेडवाली जोरात हसली. काकाजींनी रागावून पाहायचा प्रयत्न केला, पण मांडीवर नात दिलेली असताना ते जमलं नाही. मी सवयीने त्यांच्या दंडाला पट्टा लावला. एकशे अठ्ठावन्न, खालचा शहाण्णव. तेवढ्यासाठी ॲडमिट करत नाहीत, आणि म्हैसही वच्छलाबाईंची वाट पाहत होती. गोळी लिहून दिली आणि लोणच्याची बाटली परत केली नाही.

हल्ली मी कोणाच्या घरी गेले की खाटेआधी चुलीशी जाऊन बसते. आणि काउन्सेलिंग करताना जी बाई सगळ्यात मन लावून ऐकते, राउंड संपल्यावर तिची उशी उचलून पाहते.